तिसरे वर्ष परमुलखात

इंग्लंडात वाढलेल्या माझ्या भाचीने तेथील विद्यापीठात स्पॅनिश घ्यायचे ठरविले आणि ताईचा काळजीचा फोन आला.

"अरे, इतरांची पदवी तीन वर्षांत, हिला चार! तिसरे वर्ष म्हणे स्पेनमध्ये काढायचे. तेवढे गाळता नाही का येणार?"

मी म्हटले, "ताई, खरे शिक्षण त्याच वर्षी व्हायचे आहे."

व्याकरण वर्गात येते. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, याचे मराठी घरातल्या मुलीला नवल वाटायचे नाही. 'तू' तर स्पॅनिशमध्येही 'तू'च. आदराने बोलताना मात्र 'उस्तेद'. पण कोणाला केव्हा काय म्हणावे, हे पुस्तकापेक्षा शेजारीपाजारी चुकूनमाकूनच उमगते.

मात्र गाव विचारपूर्वक निवडावे. सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालचे. गावात चहूकडे स्पॅनिश. बार्सिलोना मोहक खरी, पण तेथे पुष्कळ व्याख्याने कातालान भाषेत होतात. मेक्सिकोची वाट धरली, तर स्पेनमध्ये मित्रमंडळींना म्हणायचा 'वोसोत्रोस' तेथे ऐकू यायचा नाही. आणि गाव कोणतेही असो, बिऱ्हाड इंग्रजी बोलणाऱ्या मैत्रिणींबरोबर करू नये. नाहीतर वर्ष जायचे आणि जीभ होती तेथेच राहायची.

ताई क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "सगळे पटले रे. पण वर्षभर ती मराठी कोणाशी बोलेल?"

मराठीच्या प्राध्यापकाला उत्तर सुचेना. शेवटी भाचीनेच तोड काढली: दर रविवारी मामाला फोन, आणि तोही निव्वळ मराठीत!