ॲप बदललं सरकारने, भुर्दंड भरला सेविकेने

अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलेला माणूस पहिले पंधरा दिवस नुसती चिडचिड करतो. मागे जायचं बटण सापडत नाही, मराठी कीबोर्डवर जोडाक्षर जमत नाही, व्हॉट्सॲपचे जुने मेसेज नव्या फोनमध्ये यायला नखरे करतात. आपण पारावर बसून त्याची मजा घेतो. "घेतला कशाला मग?" म्हणतो. बरोबरच आहे. हौस त्याची, त्रासही त्याचा. नाहीच जमलं तर विकून मोकळा.

पण जिला कुणी विचारलंच नाही, जिला तो फोन विकताही येत नाही, आणि जिच्या फोनवर दुसऱ्याच्या लेकराचा आहार अडकलाय, तिने काय करायचं? मी अंगणवाडी सेविकेबद्दल बोलतोय.

थोडं मागे जाऊ. आधी तिच्याकडे अकरा रजिस्टरं होती. मग सरकारने फोन दिला आणि त्यात 'कॅस' नावाचं ॲप. मराठीत होतं. रडतखडत का होईना, बायका शिकल्या. हात बसतोय न बसतोय तोच केंद्राने ते गुंडाळलं आणि १ मार्च २०२१ ला 'पोषण ट्रॅकर' आणलं. सुरुवातीला सगळा कारभार इंग्रजीत. लेकराचं नावसुद्धा इंग्रजीत टाका! आयुष्यभर मराठीत रजिस्टर लिहिलेल्या बाईने पावरी बोलणाऱ्या आईच्या बाळाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं, हा प्रश्न वर कुणाला पडला नाही.

फोनही तोच जुना, दोन जीबी रॅमचा. नवं ॲप त्याला पेलवेना. फोन तापायचा, अडकायचा. वॉरंटी संपलेली, आणि दुरुस्तीचे हजारो रुपये सेविकेच्याच माथी. ज्या बाईला पगार नाही, 'मानधन' मिळतं, तिच्या! शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर 'मोबाइल वापसी' झाली. सेविकांनी फोन नेऊन प्रकल्प कार्यालयात परत दिले. तेव्हा काही शहाणे म्हणाले, "यांना काम नको, शिकायला नको." अहो, याच बायका आधीचं ॲप शिकल्या होत्या ना? त्यांनी काम नाही परत केलं, खेळणं परत केलं.

पुढे ॲपमध्ये मराठी आली. म्हणजे ते करता येत होतं. मग आधी का नाही केलं?

आता पुढचा टप्पा. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची सक्ती. गरोदर बाई, स्तनदा माता, सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराची आई, सगळ्यांनी आधी आधारशी ई-केवायसी करायची आणि मग दर वेळी कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं. कागदावर छान वाटतं. कळसाडीत उभं राहून बघा. ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा गेलाय गुजरातेत ऊसतोडीला. डोंगरात वर, धडगाव-मोलगीकडे तर आधी रेंज शोधायची, मग आई. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. आणि ज्या आईला आहाराची सर्वात जास्त गरज आहे, तिचाच चेहरा खंगून बदललेला असतो.

आम्हाला तंत्रज्ञान नको असं समजू नका. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. म्हणजे डिजिटल भारताचा नारळ इथेच फुटला. पंधरा वर्षांनी त्याच जिल्ह्यातल्या आईला आहाराच्या पाकिटासाठी सिद्ध करायचंय की ती तीच आहे!

"बोगस नावं निघतील" म्हणता? जरूर काढा. पण संशय साखळीच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईवरच का? आणि अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात गरोदर बाईला आणि बालकाला आहाराचा हक्क दिलाय. 'चेहरा जुळला तर' अशी अट त्या हक्काला नाही.

मागणं साधं आहे. ॲप बदलायचं तर आधी चालणारा फोन द्या. दुरुस्ती आणि रिचार्ज सरकारने भरावा. नवं ॲप येईल ते पहिल्या दिवसापासून मराठीत यावं. आणि चेहरा जुळला नाही, रेंज नाही, ओटीपी नाही, तर सेविकेची सही आणि आईचा अंगठा पुरे, आहार त्याच दिवशी हातात.

गावातल्या प्रत्येक बाळाला ताई नावाने ओळखते. कुणाचं वजन घटलंय, हे तिला फोनशिवाय कळतं. तिच्यावर विश्वास ठेवायला कुठलंही अपडेट लागत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर एक दिवस अंगणवाडीत येऊन बसा, मग बोलू.