एका पावतीसाठी सगळे दप्तर कशाला?



गाळप हंगाम तोंडावर आला की दरवर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. काट्यावर गाडी उभी, बैल ताटकळलेले आणि आतून कारकून सांगतो, "थांबा जरा पाटील, मशीन फिरतंय." शेतकी ऑफिसात खोडव्याची नोंद पाहायला जावे, तर पडद्यावर नाव येईपर्यंत चहा पिऊन होतो. हिशेब खाते पंधरवड्याची बिले काढायला बसले की काटा हमखास मंदावतो. यावर उपाय म्हणून टेबलावरचे सगळे संगणक बदलावेत, असा विचार पुढे आला आहे. त्याबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. हा खर्च म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असे आमचे मत आहे.

हा विषय संगणक खात्याचा, आपल्याला त्यात काय कळते, असे म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तोडलेला ऊस उन्हात जितका पडून राहील तितके त्याचे वजन घटते आणि साखरही उतरते. वजनाचा तोटा सभासदाचा, उताऱ्याचा तोटा कारखान्याचा, म्हणजे फिरून आपलाच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे. न मिळाल्यास सालाना १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. बिल लांबण्याची कारणे पुष्कळ असतात. त्यात संगणकाची भर कशाला?

आता दुखणे कोठे आहे ते पाहू. आपला ऊसनोंदीचा आणि काट्याचा कार्यक्रम जुन्या फॉक्सप्रो पद्धतीचा आहे. त्यात माहितीच्या फाइली सर्व्हरवर ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक टेबलावरचा संगणक त्या तारेवरून उघडतो. सर्व्हर येथे फक्त कपाटाचे काम करतो. शोधाशोध, बेरीज-वजाबाकी सगळी कारकुनाच्या टेबलावर होते.

सातबारा काढायला आपण तलाठ्याकडे जातो, तेव्हा गट नंबर सांगतो. तलाठी आपले दप्तर आपल्या जागी उघडतो आणि आपल्या हाती उतारा देतो. समजा, त्याने सांगितले की दप्तर घरी न्या, आपापला गट शोधा आणि परत आणून ठेवा, तर चावडीपुढे काय गर्दी उडेल! आपल्या ऑफिसात आज तेच चालले आहे.

हिशेबच मांडू. नोंदीची फाइल ३०० मेगाबाइटची धरा. १०० मेगाबिट वेगाच्या जाळ्यावरून सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट जातात. म्हणजे फाइल पुरती वाचायला २५ सेकंद हवेत. पाच जणांनी एकाच वेळी मागितली तर सर्व्हरकडची तार एकच, म्हणून प्रत्येकाला दोन मिनिटे. टेबलावर कितीही नवा संगणक आणून ठेवा, तार तेवढेच पाणी वाहणार. फाइलीला सूची, म्हणजे इंडेक्स, नीट लावली असेल तर सगळी फाइल यावी लागत नाही, हे खरे. पण मग सूचीची पाने तरी तारेवरून येतातच. आणि ज्या शोधाला सूचीच नाही, त्याला सगळे दप्तर चाळावे लागते. सभासद क्रमांकाला सूची आहे आणि गावाच्या नावाला नाही, असे असेल तर गाववार यादी मागितली की ऑफिस थबकणारच.

आणखी एक गोष्ट. सकाळी एकटा कारकून बसलेला असतो तेव्हा तोच कार्यक्रम झरझर चालतो. दुसरा येऊन बसला की रेंगाळतो. याचे कारण असे की फाइल एकट्याकडे असताना त्याचा संगणक तिचा वाचलेला भाग स्वतःजवळ ठेवू शकतो. दुसऱ्याने तीच फाइल उघडली की कोणी काय बदलले याची खात्री करायला दर वेळी सर्व्हरकडे धावावे लागते. त्यात एखाद्याने नोंद दुरुस्तीला उघडी ठेवून टपरी गाठली, तर त्या नोंदीला कुलूप आणि बाकीचे खोळंबलेले.

म्हणून पहिली मागणी अशी की आधी मोजमाप करा. तोच शोध एकदा खुद्द सर्व्हरवर बसून घ्या, एकदा काट्याच्या खोलीतून घ्या आणि घड्याळ लावा. सर्व्हरवर झटपट आणि काट्यावर सावकाश, तर दोष तारेचा किंवा तारेवरून काम करण्याच्या रीतीचा. दोन्हीकडे सावकाश, तर सूची नाही किंवा प्रश्न विचारण्याची पद्धत चुकली. या कामाला एक दिवस पुरतो आणि खर्च काही नाही.

दुसरी गोष्ट तारेची. तांब्याची जाळ्याची तार एका दमात १०० मीटरपर्यंतच नेता येते, आणि हे अंतर भिंतीच्या वळणावळणाने मोजायचे असते. काटा ऑफिसपासून त्याहून लांब असेल तर तेथे फायबरच हवी. मोटारींच्या विद्युत गोंगाटाचा तिच्यावर परिणाम होत नाही, हा वर फायदा. मधला स्विच १०० मेगाबिटचा असेल तर १००० चा बसवावा. मात्र वायफायवर अशी सामाईक फाइल कधी चालवू नये. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर फाइलच बिघडू शकते.

तिसरी आणि मुख्य गोष्ट रीत बदलण्याची. माहिती अशा सर्व्हर-प्रणालीत ठेवावी की जी प्रश्न घेईल, आपल्या जागी शोध करील आणि फक्त उत्तर तारेवरून पाठवील. यालाच क्लायंट-सर्व्हर पद्धत म्हणतात. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या कामातून वाढलेली पोस्टग्रेस ही अशीच प्रणाली आहे आणि तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. खर्च पडेल तो जाणत्या माणसाचा आणि जुनी माहिती हलवण्याचा. पण येथेही एक सावधगिरी हवी. नव्या सर्व्हरवरूनही कार्यक्रमाने सगळीच नोंदवही मागवली, तर आपण पहिल्याच जागी येऊ.

थोडक्या निरोपात केवढे काम होते, याचा दाखला आपल्याच भागातला आहे. वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली आणि गावोगावी संगणक केंद्रे आली. पुढे पाहणीत आढळले की शेतकरी तेथे येतो तो मुख्यतः आपल्या उसाचा आणि खताचा हिशेब विचारायला. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन शाखेने तेथील काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून, एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते जमले. एसएमएसमध्ये रोमन अक्षरे मावतात १६०. सभासदाला वजन, तारीख आणि रक्कम कळायला तेवढी पुरली.

काही मंडळी म्हणतील, जुना कार्यक्रम हाताखालचा आहे, चालतंय ते चालू द्या. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. भर हंगामात बदल करणे म्हणजे चालत्या चरकाचे पट्टे बदलण्यासारखे आहे. ते कोणी करू नये. पण फॉक्सप्रोचा आधार त्याच्या कंपनीने जानेवारी २०१५ मध्येच काढून घेतला आहे आणि त्याची कोणतीही एक फाइल २ गिगाबाइटच्या पुढे वाढू शकत नाही. वर्षावर्षाच्या नोंदी साचत चालल्या आहेत. ही मर्यादा ऐन जानेवारीत गाठण्यापेक्षा पावसाळ्यात बदल करणे शहाणपणाचे.

तोपर्यंत या हंगामापुरते एवढे तरी करावे. जुन्या हंगामांच्या नोंदी वेगळ्या फाइलीत काढाव्यात. गाव, गट आणि लागण तारीख यांना सूची लावावी. बिलांचे आणि गाववार यादीचे जड काम काट्यावर गर्दी नसेल अशा वेळी करावे. दुरुस्तीला उघडलेली नोंद मिटल्याशिवाय कोणी जागा सोडू नये. रोजची नक्कल सगळ्यांनी कार्यक्रम बंद केल्यावर घ्यावी, आणि ती नक्कल उघडते का, हे महिन्यातून एकदा तरी पाहावे.

संचालक मंडळाने नवे संगणक घेऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. खरोखर मोडकळीला आलेले असतील ते जरूर बदलावेत. पण वार्षिक सभेत हा विषय येईल तेव्हा सभासदांनी उभे राहून तीन प्रश्न विचारावेत: मोजमाप केले का? आकडे काय आले? दोष टेबलावर आहे, तारेत आहे की रीतीत? याची उत्तरे कागदावर मिळाली तर मंजुरीला आमचा हात पहिला वर येईल. ती नसतील, तर विषय पुढच्या सभेवर ठेवावा आणि तेवढ्या मुदतीत काट्यापर्यंतची तार तरी दुरुस्त करून घ्यावी.