शक्ती फुकट मिळत नाही, बॉस!

शनिवारी सिडकोतल्या फ्लॅटवर आमचा फासे टाकून खेळायचा सुपरहिरोंचा डाव रंगला होता. एकाचा हिरो अदृश्य! तासाभरात बाकीची पब्लिक नुसती प्रेक्षक. एक मैत्रीण तर वैतागून उठलीच.

मग नियमपुस्तक काढलं. १९८१च्या ‘चॅम्पियन्स’पासूनचा फंडा सोपा आहे: शक्ती पॉइंट मोजून घ्यायची, मर्यादा घातली की स्वस्त पडते. पठ्ठ्यानं ‘उन्हात चालत नाही’ म्हणून सूट घेतलेली. आणि आमची गोष्ट सगळी रात्रीची! जी मर्यादा आडवीच येत नाही, तिला सूट कसली?

कर्णाची वासवी शक्ती आठवा. एकदाच वापरायची, तीही घटोत्कचावर खर्च झाली. आम्हीही अट घातली: अदृश्य व्हायचं, पण डावात एकदाच. पुढच्या शनिवारी मैत्रीण हजर! समतोल म्हणजे सगळे सारखे बलवान नव्हेत. प्रत्येकाच्या पाळीला किंमत हवी, बस्स.