गावी परतायचे, पण कोणाच्या अटींवर?

घरून काम करण्याची सोय, महानगरातले घरभाडे आणि वस्तीत एकटे राहिलेले म्हातारे आईवडील. या तीन कारणांमुळे बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राममध्ये नोकरी करणारी आपली अनेक शिकलेली जोडपी हिंगोली, वाशीम, बीडकडे परतण्याचा विचार करू लागली आहेत. विषय निघाला की वस्तीत दोन सूर उमटतात. एक म्हणतो, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले, तुम्ही उलटे कुठे निघालात? दुसरा म्हणतो, आईबाप थकले, आता तरी या. आम्हाला वाटते, दोन्ही सुरांत खरा प्रश्न निसटतो. परतायचे की नाही याआधी कोणाच्या अटींवर परतायचे, हे ठरवायला हवे.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे, असा त्यांचा रोख होता. ही टीका मातीवर वा झाडांवर नव्हती, परावलंबनावर होती. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याची भाकरी दुसऱ्याच्या खळ्यावर ठरते, त्याला तोंड उघडता येत नाही. म्हणूनच १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. शहराने आपल्याला पगार दिला आणि गर्दीत मिसळण्याची मोकळीक दिली. गावी परतताना यातले काय टिकेल, ही पहिली कसोटी.

सुरुवात जागेपासून करू. आपली बरीच घरे गावठाणाबाहेर किंवा गायरानावर आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानधारकांना पुन्हा नोटिसा गेल्या. ज्या घरात लाखभर रुपये घालून फरशी बसवणार आहात, त्याची नोंद नमुना आठवर कोणाच्या नावे आहे, हे आधी पाहा.

शेतीचेही तसेच. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. फेरवाटपात मिळालेल्या या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरी त्या हातातून कशा जातात, हे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर वतन जमिनीच्या वादाने राज्यासमोर आले. अनेक सातबाऱ्यांवर अजून आजोबांचेच नाव आहे, वारसाच्या फेरफाराला कोणी हात लावलेला नाही. ती नोंद करताना बहिणींची नावे गाळण्याची पद्धत आपल्यातही आहे. हिंदू वारसा कायदा बौद्धांना लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. समतेचे भाषण ठोकून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणारा भाऊ गावात कोणता बदल घडवणार?

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन, २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. कागदावर योजना उत्तम आहे. अडचण अशी की शासनाच्या दरात जमीन विकणारा मिळणे अवघड, आणि मिळाला तरी ती बहुधा खडकाळ निघते. योजनेच्या भरवशावर नोकरीचा राजीनामा देऊ नये, असे आम्ही परतू इच्छिणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. कमाई गावाबाहेरून येत राहिली तर गावात मान ताठ राहते. ती गावातल्याच एखाद्या बड्या असामीवर अवलंबून असेल, तर पदवी असूनही आपण पुन्हा जुन्याच जागी उभे राहतो.

आता नोंदीचा प्रश्न. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची लोकसंख्या मोजणी होणार आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद होईल. २०११ च्या मोजणीत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध होते, देशातील एकूण बौद्धांच्या तीन चतुर्थांशाहून अधिक. माणूस नेहमी राहतो तिथे मोजला जातो. ग्रामपंचायतीतल्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. म्हणून परतणाऱ्या कुटुंबाने मोजणीपूर्वी आपला पत्ता आणि मतदार नोंदणी गावी आणली, तर फरक पडतो. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात प्रमाणपत्रावरील जात, या दोन्ही नोंदी एकत्र चालतात. १९९० च्या दुरुस्तीने तो हक्क दिला आहे. दुसऱ्या राज्यात जन्मलेल्या मुलांच्या जात प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची किंवा जुन्या महसुली नोंदीची नक्कल आताच काढून ठेवा.

घराच्या आतला प्रश्न मात्र क्वचितच चर्चेत येतो. आमच्या कामात भेटलेल्या एका जोडप्यात नवरा लॅपटॉपवर तीच नोकरी करत राहिला. बायको शहरात परिचारिका होती. गावी आल्यावर सासूचे पथ्यपाणी आणि सासऱ्यांचे औषध हेच तिचे काम झाले. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांचा सांभाळ हे अपत्याचे कर्तव्य सांगितले आहे, ते सुनेवर ढकललेले नाही. पती-पत्नीचीही कर्तव्ये त्याच सुत्तात आहेत, पत्नीचा सन्मान हे पतीचे पहिले कर्तव्य. तिच्या नोकरीचा विचार न करता घेतलेला निर्णय आम्ही धम्माचा मानत नाही.

शेवटी सुरक्षेचे. खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाकडे शेती होती, मुले शिकत होती. गावात बौद्धांची घरे अगदी मोजकी होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांच्या घरातील चार जणांची हत्या झाली. स्वाभिमानाने जगणारे एकाकी कुटुंब गावाच्या डोळ्यांत सलते, हे आपण विसरता कामा नये. त्यामुळे परतणाऱ्यांनी पहिल्या महिन्यातच विहार समितीशी, शेजारच्या गावांतील कार्यकर्त्यांशी आणि तालुक्यातील एखाद्या वकिलाशी ओळख करून घ्यावी. ग्रामसभेला एकट्याने न जाता पाच-दहा जणांनी मिळून जावे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयीची खंत बोलून दाखवली होती. त्या खंतीला उत्तर द्यायला गावातच राहायला हवे, असे नाही. ज्यांना परतणे जमणार नाही, त्यांनी वर्षातून आठ दिवस तरी गावी यावे आणि ते आपल्याच नव्हे, तर वस्तीतल्या प्रत्येक घराचे सातबारे, आठ अ आणि दाखले तपासण्यात घालवावेत. जे परतत आहेत, त्यांनी सामान बांधण्याआधी जागेची नोंद, उत्पन्नाचा मार्ग, मताचा पत्ता आणि घरातल्या बाईचा होकार, ही चार कामे पुरी करावीत.

जय भीम!