खुर्ची काढा, फाईल बंद करू नका

गाझाबद्दल बोलताना आपल्या तरुणांकडून एक मागणी हमखास ऐकू येते : इस्रायलला संयुक्त राष्ट्रांतून हाकला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा रशियाबद्दलही हीच मागणी झाली होती. संताप रास्त आहे. पण हकालपट्टी ही कायद्यातली एक शिक्षा आहे. तिची कलमं कोणती, ती आजवर कुणाला झाली आणि त्यातून काय साधलं, हे पाहिल्याशिवाय मागणीला वजन येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दोन कलमं आहेत. पाचव्या कलमानुसार सदस्याचे हक्क निलंबित करता येतात. सनदेची तत्त्वं सतत तुडवणाऱ्या सदस्याला सहाव्या कलमानुसार काढून टाकता येतं. निर्णय आमसभेचा, पण दोन्हींसाठी आधी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते. तिथे पाच देशांकडे नकाराधिकार आहे. म्हणजे रशियाला काढायला रशियाचीच संमती हवी आणि इस्रायलला काढायला अमेरिकेची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्याची परवानगी काढून घ्यायची आहे त्याच्याच मंजुरीची वाट पाहणारी यंत्रणा आमच्याकडे कुणी बांधली, तर ती पहिल्याच तपासणीत परत येईल. संयुक्त राष्ट्रांतून आजवर एकाही सदस्याची हकालपट्टी झालेली नाही, त्यामागे हे मोठं कारण आहे.

त्याआधीच्या राष्ट्रसंघाची, म्हणजे लीग ऑफ नेशन्सची, गोष्ट वेगळी होती. त्याने १४ डिसेंबर १९३९ रोजी फिनलंडवरच्या हल्ल्याबद्दल सोव्हिएत संघाला काढून टाकलं. पण १९३१ मध्ये मांचुरिया गिळणाऱ्या जपानला कुणी काढलं नव्हतं, जपान स्वतःच बाहेर पडला. १९३५ मध्ये इथिओपियावर तुटून पडलेल्या इटलीवर आर्थिक निर्बंध आले, पण त्यांतून तेल वगळलं होतं आणि पुढच्याच वर्षी ते उठलेही. गुन्हा तोच, शिक्षा मात्र तोंड पाहून. जगाचा विश्वास अशाने उडतो.

मग मार्ग नाहीच का? आहे, आणि तो दक्षिण आफ्रिकेच्या प्रकरणात सापडला. तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्येच आमसभेत मांडला होता. पुढे वर्णभेद आणि नामिबियावरचा बेकायदा ताबा यांमुळे ऑक्टोबर १९७४ मध्ये हकालपट्टीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. दहा मतं बाजूने पडली, पण अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने नकाराधिकार वापरून तो पाडला. तेव्हा आमसभेने दुसरं दार उघडलं. तिने दक्षिण आफ्रिकेच्या प्रतिनिधींची अधिकारपत्रं आधीच नाकारली होती. १२ नोव्हेंबरला अध्यक्ष अब्देलअझीझ बुतफ्लिका यांनी निर्णय दिला की, याचा अर्थ त्यांना कामकाजात भाग घेता येणार नाही. ९१ विरुद्ध २२ मतांनी तो टिकला. हे सनदेत बसतं का, यावर कायदेपंडितांचे मतभेद आहेत. पण परिणाम पाहा : देश सदस्य राहिला, सनदेची बंधनं राहिली, १९७७ ची शस्त्रबंदी त्याच्यावर लागू झाली, गेली ती फक्त खुर्ची. वर्णभेद संपल्यावर १९९४ मध्ये ती परत मिळाली.

आता उलटं उदाहरण. १६ मार्च २०२२ रोजी युरोप परिषदेने रशियाला काढून टाकलं. निर्णय झटपट झाला, टाळ्याही मिळाल्या. पण त्याच वर्षी १६ सप्टेंबरपासून रशिया युरोपीय मानवी हक्क कराराबाहेर गेला. जुलै २०२५ मध्ये त्या करारानुसार चालणाऱ्या स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने युक्रेनमधल्या अत्याचारांबद्दल रशियाला दोषी धरलं, पण त्याची नजर त्या तारखेपर्यंतच पोचली. नंतरच्या घटनांसाठी पीडितांना ते दार बंद आहे आणि खुद्द रशियातल्या नागरिकांनाही. शिक्षा सरकारला द्यायची होती, न्यायालय गमावलं माणसांनी. खात्याचा गैरवापर झाला तर आम्ही त्याचे अधिकार गोठवतो, नोंदी पुसत नाही. चौकशी त्या नोंदींवरच उभी राहते.

म्हणून मागणी नेमकी हवी : आक्रमक देशाचं मत, पद आणि प्रतिनिधित्व काढा, त्याची कर्तव्यं आणि न्यायालयाचे हात तसेच ठेवा. आरोप, पुरावा, बाजू मांडायची संधी आणि परतीची अट लेखी असू द्या. नाहीतर ते निव्वळ वाळीत टाकणं होईल. १९७९ मध्ये अरब लीगने इजिप्तला बाहेर ठेवलं ते कुणावर हल्ला केला म्हणून नव्हे, इस्रायलशी तह केला म्हणून. तो तह कुणाला पॅलेस्टिनींचा विश्वासघात वाटेल, पण त्याला आक्रमण म्हणता येणार नाही.

आता अवघड भाग. ७ एप्रिल २०२२ रोजी मानवी हक्क परिषदेतून रशियाला निलंबित करण्याचा ठराव आमसभेत ९३ विरुद्ध २४ मतांनी संमत झाला. तिथे नकाराधिकार नाही, दोन तृतीयांश मतं पुरतात. ५८ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता. पाकिस्तान, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, इजिप्तही होते. इराण, अल्जेरिया आणि सीरियाने विरोधात मत दिलं. बुचातल्या रस्त्यांवरचे मृतदेह तोवर जगाने पाहिले होते. पुढे जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी प्रदेशातलं इस्रायलचं अस्तित्व बेकायदा ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये ते संपवण्याची मागणी करणारा ठराव आमसभेत १२४ मतांनी संमत झाला. त्या वेळी अमेरिकेने विरोध केला आणि युक्रेनसाठी पुढे असलेले ब्रिटन, जर्मनी तटस्थ राहिले. भारत याही वेळी तटस्थच.

दुटप्पीपणा पश्चिमेचा आहेच, पण तो एकट्या पश्चिमेचा नाही. बुचाबद्दल गप्प राहून गाझासाठी न्याय मागितला, तर समोरचा आपल्याला पक्षकार समजेल, साक्षीदार नाही. पुढच्या वेळी कुणाला हाकलण्याची मागणी करणारा मजकूर पुढे पाठवताना त्यातलं देशाचं नाव बदलून वाचा. कुवेतमध्ये घुसलेला इराक घाला, युक्रेनमध्ये घुसलेला रशिया घाला. तरीही सही करायची तयारी असेल, तर तो मजकूर जरूर पाठवा.