ताट कोणाकडे द्यायचे?

दिवाळीच्या तोंडावर नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. ‘सर, इथे मोहल्ल्याला ब्यूर्ट म्हणतात. हा शब्द आला कोठून?’ मराठीच्या मास्तराला डच विचारणे म्हणजे सुताराकडे नथ घडवायला टाकणे! पण शब्द म्हटला की आम्हांला राहवत नाही. कोश काढून बसलो.

ब्यूर्ट आला ‘ब्यूर’वरून. ब्यूर म्हणजे शेजारी; मूळ अर्थ, सोबत वस्ती करणारा. इंग्रजी ‘नेबर’चे शेपूट तेच, आणि १८९९ ते १९०२ च्या युद्धातले बोअर शेतकरीही त्याच घराण्यातले. हे घराणे कोणाचे म्हणाल, तर आपल्या संस्कृत ‘भू’ धातूचे. भू म्हणजे असणे. ‘भवन’ त्याचेच.

आपल्याकडची नावे निराळी. आळी म्हणजे ओळ. वाडा म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा. मोहल्ला अरबी, प्रवाशाने ओझे सोडून उतरावे ते ठिकाण. आणि ‘कॉलनी’? तिच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे जमीन कसणे! आमच्या भडगावात मात्र शेतात कॉलनी उठवायची, तर ते आधी ‘बिनशेती’ करून घ्यावे लागे.

अशाच एका कॉलनीत मी तीन वर्षांपूर्वी घर बांधले आणि आईला जुन्या गल्लीतून हलवले. पहिल्याच दिवाळीला तिने फराळाची सात ताटे भरली, विणलेल्या रुमालांनी झाकली आणि विचारले, “भाऊ, हाई ताट कोनले देऊ?” डावीकडच्या घराला कुलूप. उजवीकडच्यांचे आडनावसुद्धा मला सांगता येईना. शब्दांची कुळे सांगत फिरणारा मी! शेवटी सातही ताटे रिक्षात घालून गल्लीत पोचवली. आई काही बोलली नाही. पुढच्या दोन्ही दिवाळ्यांना तिने ताटे भरलीच नाहीत.

यंदा विद्यार्थ्याला उत्तर लिहिताना ‘भू म्हणजे असणे’ या ओळीवर माझी लेखणी थबकली. सोबत असतो तो शेजारी. मग आम्ही येथे तीन वर्षे नुसते राहत होतो की काय?

पत्र टपालात टाकले. आईला म्हटले, “एक ताट भर.” ते घेऊन उजवीकडची कडी वाजवली. दार उघडले. “मी शेजारी,” एवढेच म्हणालो. नाव सांगावे लागले. त्यांनाही माझे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताट परत आले. रिकामे नव्हते.