नमुना गरिबांचा, लस धनिकांची

२००७ च्या प्रारंभी इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबविल्याचे उघड झाले आणि प्रगत राष्ट्रांतून त्यांच्यावर बेजबाबदारपणाचा ठपका ठेवण्यात आला. त्यांचा अपराध कोणता? इंडोनेशियात सापडलेल्या विषाणूवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस बनवीत होती आणि विषाणू देणाऱ्या देशाला त्या लसीची कसलीही हमी नव्हती. नमुने अडविणे हा रोगाशी लढण्याचा मार्ग नव्हे, हे खरेच. परंतु दुर्बल राष्ट्राच्या हाती दुसरे कोणते हत्यार होते?

त्या हट्टाचे फळ २०११ साली पदरात पडले. लसउत्पादकांनी महामारीच्या काळात उत्पादनाचा काही हिस्सा आरोग्य संघटनेसाठी राखावा, अशी चौकट ठरली. मात्र ती इन्फ्लुएन्झापुरतीच!

कोरोना आला तेव्हा ती कामी आली नाही. विषाणूची जनुकीय रचना चिनी शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२० मध्ये जगाला विनामूल्य खुली केली. तिच्या आधारे झालेल्या लसी मात्र पेटंटच्या कुलपात गेल्या. त्यांपैकी कित्येकींच्या संशोधनात सरकारी तिजोरीतील पैसा होता, याचा सोयीस्कर विसर पडला. भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये पेटंट स्थगितीची मागणी केली. जागतिक व्यापार संघटनेने वीस महिने काथ्याकूट करून जून २०२२ मध्ये तुटपुंजी सवलत दिली, तीही लसींपुरती. दरम्यान नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची वार्ता प्रामाणिकपणे जगाला कळविली. बक्षीस म्हणून तिच्या वाट्याला प्रवासबंदी आली.

भारतालाही हात झटकता येणार नाहीत. मार्च २०२१ मध्ये साथ भडकताच निर्यात रोखली गेली आणि पुण्यात बनणाऱ्या लसीवर विसंबलेले आफ्रिकी देश महिनोन् महिने ताटकळले. घरची माणसे मरत असता सरकारने दुसरे काय करावयाचे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण इतक्या देशांच्या प्राणांचा भरवसा एका खासगी कारखान्यावर ठेवणारी व्यवस्था कोणी उभारली?

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारी करार संमत केला. उत्पादनाचा २० टक्के हिस्सा, त्यातील किमान निम्मा विनामूल्य, आरोग्य संघटनेला मिळावा असे उद्दिष्ट त्यात आहे. परंतु नमुना व लस यांची सांगड घालणारे परिशिष्ट, म्हणजे कराराचा प्राणच, पुढील वाटाघाटींवर ढकलले गेले. नमुना देणे बंधनकारक आणि लस देणे कंपनीच्या मर्जीवर, असे परिशिष्ट पुढे आले तर भारताने त्यास संमती देऊ नये, अशी मागणी संसदेत आणि रस्त्यावर झाली पाहिजे.